चोर मेमरी, शिक्षा मात्र हार्ड डिस्कला!

घरातला संगणक रुसला की पहिला संशय चिरंजीवांच्या गेमवर येतो, दुसरा व्हायरसवर आणि तिसरा हार्ड डिस्कवर. शेवटी कोणीतरी जाणता शेजारी निकाल देतो, ‘फॉरमॅट मारून टाका!’ मुंजीचे फोटो, आजोबांच्या पेन्शनची कागदपत्रे, मुलीचा प्रोजेक्ट, सारे पुसले जाते. संगणक दोन दिवस गुण्यागोविंदाने नांदतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच निळा पडदा! चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार. कारण खरा चोर पुष्कळदा वीतभरही लांब नसलेली एक पट्टी असते. तिचे नाव रॅम, म्हणजेच संगणकाची मेमरी.

चेन्नईत असा चोर पकडायचा तर लोक रिची स्ट्रीट गाठतात. माउंट रोड, म्हणजे आजची अण्णा सालै, सोडून चिंताद्रिपेटच्या बाजूला वळले की हा बाजार लागतो. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड किंवा पुणेकरांना तपकीर गल्ली जशी, तशी चेन्नईकरांना रिची स्ट्रीट. चिंताद्रिपेट ही १७३४ साली ईस्ट इंडिया कंपनीने विणकरांसाठी वसवलेली पेठ. जिथे एके काळी हातमाग चालले, तिथेच शेजारी आज मदरबोर्ड, केबली आणि रॅमच्या पट्ट्यांचा व्यापार चालतो. अरुंद गल्ली, डोक्यावर तारांचे जाळे आणि काउंटरवर उघडे पडलेले संगणक, असा तिथला थाट.

फळा आणि वही

रॅम म्हणजे नेमके काय? हार्ड डिस्क ही वही, तर रॅम हा फळा. संगणक जे काम करतो ते आधी फळ्यावर मांडतो आणि मग वहीत उतरवतो. वीज गेली की फळा कोरा होतो. या मेमरीची कल्पना आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार साठवायचा. भार असेल तर एक, नसेल तर शून्य. पण हा भार गळका. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक कप्पा पुन्हा भरून घ्यावा लागतो. अशा अब्जावधी कप्प्यांपैकी एखादा जरी दगा देऊ लागला, तरी फळ्यावरचा एक आकडा बदलतो आणि वहीत चुकीचीच नोंद उतरते.

खरी भीती इथेच आहे. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. पण सदोष मेमरी गुपचूप फोटोचा अर्धा भाग करडा करते, फाईल उघडेनाशी करते. आणि आपण घाईघाईने बॅकअप घ्यायला जातो, तेव्हा प्रत्येक फाईल त्याच खराब फळ्यावरून जात असते! म्हणून मेमरीचा संशय आला की त्या संगणकावरून कॉपी करू नये. डिस्क काढून दुसऱ्या, धडधाकट संगणकाला जोडावी आणि मग बॅकअप घ्यावा.

असे दोष दुर्मीळ असतात, असा समज होता. २००९ साली गूगलच्या हजारो संगणकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दरवर्षी शंभरातल्या आठांहून अधिक पट्ट्यांत निदान एक तरी चूक आढळली. मोठ्या सर्व्हरमध्ये अशी चूक सुधारणारी जादा सोय असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते.

लक्षणे ओळखा

• सुरू करताना पडदा काळाच राहतो आणि ‘बीप बीप’ ऐकू येते.
• निळा पडदा येतो, पण दर वेळी कारण वेगळेच दाखवतो.
• विंडोज नव्याने टाकताना मध्येच अडते.
• काल उघडणारी फाईल आज ‘खराब’ म्हणून दाखवते.

खात्री करायला पैसे पडत नाहीत. विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी असते. त्याहून कसून तपासायचे तर १९९४ पासून चालत आलेला ‘मेमटेस्ट८६’ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवता येतो. तो प्रत्येक कप्प्यात आकडे लिहितो आणि परत वाचून पाहतो. रात्री लावून ठेवावा, सकाळी निकाल पाहावा. इथे पस्तीस टक्क्यांना पास नाही. एकही चूक चालत नाही.

खोबणी की पट्टी?

चूक निघाली म्हणून लगेच बाजारात धावू नये. चेन्नईची हवा दमट आणि खारी. कोकणात, मुंबईतही तीच गत. पट्टीच्या सोनेरी दातांवर मळ धरतो आणि नुसता संपर्क तुटतो. संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. हात आधी डब्याच्या उघड्या धातूला लावावा, कारण अंगावरची स्थिर वीजही चिप मारू शकते. मग टोकाची कडी उघडून पट्टी कडेने धरून काढावी. मऊ, पांढऱ्या खोडरबराने दात अगदी हलक्या हाताने पुसावेत, कण झटकावेत. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. भांडी घासल्यासारखे घासू नये! पट्टी परत बसवताना ‘कट्’ असा आवाज यायला हवा.

तरीही चुका आल्या तर एका वेळी एकच पट्टी लावून तपासावे, नंतर तीच दुसऱ्या खोबणीत. एकच पट्टी प्रत्येक खोबणीत नापास झाली तर दोष पट्टीचा. प्रत्येक पट्टी एकाच खोबणीत नापास झाली तर बिघाड मदरबोर्डकडे. एवढे घरी केले, तर दुकानात कोणी विनाकारण नवा मदरबोर्ड गळ्यात मारू शकत नाही.

खरेदीला जाताना

जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ अशा पिढ्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही आणि बळजबरी केली तर दोन्ही मोडतात. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये तर मेमरी बोर्डावरच डाग देऊन पक्की केलेली असते. तिथे घरगुती प्रयोग नकोत. पट्टीवरचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. अनेक नामांकित कंपन्या मेमरीला वर्षानुवर्षांची वॉरंटी देतात, तेव्हा जुनी टाकण्यापूर्वी तिचेही बिल शोधावे. कदाचित बदलून मिळेल! आणि नवी पट्टी आणली तरी तिचीही रात्रभर परीक्षा घ्यावी.

सारे नीट जमले, तर जुना संगणक आणखी काही वर्षे सुखाने चालतो. मुंजीचे फोटो जागेवर राहतात, पेन्शनचे कागद सापडतात. आणि इतके दिवस बोलणी खाणाऱ्या चिरंजीवांची एकदा तरी माफी मागायला हरकत नाही!