आजीबाईचा बटवा आणि काचेची बशी

जीवकाची कथा आपणांस ठाऊक असेलच. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्यास योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले, आणि तो रिकाम्या हातांनी परतला. विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंना अनुज्ञा दिलेल्या औषधांत हळद, आले, कडुलिंबाचा पाला, हिरडा, बेहडा, आवळा ही आपल्या घरातलीच नावे आढळतात.

परंतु औषधी म्हणजे नेमके काय करते, हे कसे ओळखावे?

नृसिंहवाडीत हा प्रश्न पुस्तकी नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला. गाळ उपसताना बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि घरोघर हळद-तेल निघते. ओळखीच्या एका मधुमेही काकांच्या पायाची जखम अशीच आठ दिवस हळदीखाली झाकून राहिली. शेवटी अंगठा काढावा लागला.

प्रयोगशाळेत परीक्षा अशी होते. पसरट काचेच्या बशीत आगर ओततात. हा समुद्री शेवाळापासून मिळणारा, खरवसासारखा गोठणारा पदार्थ होय. त्यावर जंतू सारखे पसरून, अर्कात भिजवून वाळवलेली ६ मिलिमीटरची कागदी चकती ठेवतात. ३७ अंश सेल्सिअस तापमानात १८ ते २४ तासांत जंतू वाढून बशी धुरकट होते. अर्काने वाढ रोखली, तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. त्याचा व्यास मोजावयाचा. शेजारी आणखी दोन चकत्या हव्यातच, एक प्रतिजैविकाची आणि दुसरी नुसत्या अल्कोहोलची. अर्क अल्कोहोलात काढलेला असेल तर जंतू अल्कोहोलनेच मरायचे आणि श्रेय हळदीला जायचे! विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात नेमकी हीच चकती विसरली जाते. शिवाय चिखल्या बहुधा बुरशीने होतात. तेव्हा जिवाणूंवरचे वर्तुळ कितीही मोठे असले, तरी चिखल्यांविषयी ते काहीच सांगत नाही. बुरशी वेगळी वाढवावी लागते.

ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण पाहण्यासाठी डीपीपीएच नावाचे जांभळे द्रावण वापरतात. गुणकारी अर्क पडताच ते पिवळे पडत जाते. ही घट ५१७ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींवर मोजतात. आवळा येथे उत्तम उतरतो. मात्र परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. हळदीतील कर्क्युमिन पोटात घेतल्यास रक्तात फारच थोडे उतरते.

तरीही या परीक्षा करून त्या लिहून ठेवणे अगत्याचे आहे. १९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली ते रद्द झाले. तेथे कामी आले ते जुने लेखी पुरावे, त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील लेखही होता. आजीची तोंडी साक्ष तेथे कोण घेणार?

तेव्हा प्रकल्पवहीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव, मूळ की पान, कोठून व केव्हा आणले, अर्क कशात काढला हे सारे लिहावे. आणि वर्तुळ उमटले नाही, तर तेही.