स्वतःच्या नावाचा पत्ता

नव्वदच्या दशकात बायोडाटा म्हणजे टायपिंगवाल्याकडून करून घ्यायचा कागद. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, कायमचा पत्ता, छंद आणि तळाशी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' या अर्थाचं इंग्रजी वाक्य. डावीकडे ठिकाण-तारीख, उजवीकडे सही. त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि पेपरातल्या जाहिराती बघून धाडायच्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. त्यानंतरच्या काही वर्षांत हाच कागद जसाच्या तसा वेबपानावर चढला, घरच्या पत्त्यासकट आणि फोन नंबरासकट.

तेव्हा फुकट साइट म्हटलं की पहिलं नाव जिओसिटीजचं. तिथं खरोखर वस्त्या पाडलेल्या होत्या. संगणकवाल्यांची 'सिलिकॉन व्हॅली', लेखन-शिक्षणवाल्यांची 'अथेन्स'. आपण वस्ती निवडायची आणि घर क्रमांक घ्यायचा. पानावर सरकती अक्षरं, भेट देणाऱ्यांचा आकडा, 'काम चालू आहे'ची पिवळी पाटी. आज त्या पानांना लोक हसतात, ते मला पटत नाही. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मुलं दुसऱ्याच्या पानाचा 'व्ह्यू सोर्स' उघडत, ते कसं बांधलंय ते बघत आणि नोटपॅडमध्ये एकेक टॅग हातानं लिहीत. 'एचटीएमएल येतं' असं वेगळं सांगायची गरजच नव्हती, पान समोरच होतं. पुढं बरीच वर्षं आपण नेमकी हीच गोष्ट हरवून बसलो.

१९९९ मध्ये याहूनं जिओसिटीज सुमारे साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिची अमेरिकेतली सेवा बंद केली. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढं जमलं तेवढं उतरवून घेतलं, म्हणून त्यातलं काही आज बघायला तरी मिळतं. पण ज्यांनी रेझ्युमेच्या कागदावर तो पत्ता छापला होता, त्यांचा पत्ता गेला तो गेलाच.

तोवर बहुतेकांनी स्वतःचं पान सोडूनही दिलं होतं. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून होतं, लिंक्डइन मे २००३ मध्ये सुरू झालं. रकाने भरले की काम झालं. भरती करणाऱ्यांची मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण प्रोग्रॅमर, चित्रकार, भाषांतरकार सगळे एकाच साच्यात बसले आणि वेगळेपण दाखवायला उरली ती विशेषणं. 'मेहनती', 'नेतृत्वगुण असलेला'. असे रेझ्युमे चाळताना माणूस कुठं दिसतच नाही.

चित्र पालटलं ते २००८ नंतर. त्या वर्षी कोड साठवण्यासाठीचं गिटहब आलं आणि डिसेंबरात त्याचीच वेबपानांची सोय, गिटहब पेजेस. आज आपल्या युजरनेमपुढं 'डॉट गिटहब डॉट आयओ' लावून रिपॉझिटरी काढायची, तीत इंडेक्स फाइल टाकायची, की थोड्या वेळात पान जगभर दिसतं. होस्टिंगचा खर्च शून्य. वर स्वतःच्या नावाचं डोमेन जोडता येतं. 'डॉट इन'ची नोंदणी २००५ पासून कुणालाही करता येते. उद्या गिटहब बंद पडलं तरी फाइली दुसरीकडं हलवायच्या, डोमेनच्या सेटिंगमध्ये नवा सर्व्हर लिहायचा. वाचणाऱ्यासाठी पत्ता तोच राहतो. फक्त दरवर्षी नूतनीकरण चुकवायचं नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातल्या एका मुलाचं पान माझ्या चांगलं लक्षात आहे. वर नाव आणि ईमेल, खाली एकच प्रकल्प: बाजार समितीतल्या कांद्याच्या रोजच्या भावांचा आलेख. शेजारी त्यानं लिहिलं होतं की सुट्टीच्या दिवशी भाव येत नाहीत, तिथं आलेख शून्यावर आपटायचा, मग तो कसा सुधारला. गुणांची टक्केवारी कुठंतरी तळाशी होती. मुलाखतीत काय विचारायचं ते त्या चार ओळींनीच ठरवून दिलं.

आता एआयला सांगितलं की देखणी साइट काही मिनिटांत उभी राहते. त्यामुळे नुसत्या देखणेपणाला पूर्वीचं मोल नाही, आणि काम कसं केलं, कुठं अडलं, कसं सोडवलं याला ते जास्त आलंय. नव्या मुलांना मी हेच सांगतो की रंग निवडण्यात आठवडा घालवू नका. आधी एखादं काम नीट मांडा, मोबाइलवर उघडून बघा आणि जन्मतारीख-घरचा पत्ता काढून टाका.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' डोमेन घेता येतं, त्यात मराठीही आहे. युनिकोडमुळे फॉन्टचा जुना घोळ संपलाय. तरी मराठी भाषांतरकार, मुद्रितशोधक, अक्षरलेखनकार यांची पानं बघावीत तर 'माझ्याविषयी'सकट सगळं इंग्रजीत. ज्यांचं काम मराठीत आहे, त्यांचा निदान एक परिच्छेद तरी तिथं मराठीत वाचायला मिळावा. काम देणारा प्रकाशक त्यांची मराठीच बघायला आलेला असतो.