संगणक एक, वापरणारे अनेक

1998 साली वारणा खोऱ्यात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प उभा राहिला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे 70 गावं संगणकाने जोडायची, असं केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी ठरवलं. गावच्या केंद्रात एकच संगणक असायचा आणि उसाची नोंद, वजन, बिल बघायला अख्खा गाव तिथे यायचा. हिशेब मात्र ज्याच्या त्याच्या खात्यावर पडे. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चने यातल्या 7 गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर हे काम चालवून पाहिलं.

सातारा, कराड, मिरजेतल्या सायबर कॅफेंमध्येही तीच तऱ्हा होती. 2011 च्या केंद्रीय नियमांनी कॅफेचालकाला वर्षभर नोंदवही जपायला लावली. तिच्यात ग्राहकाचं नाव, संगणकाचा क्रमांक, बसण्याची वेळ आणि उठण्याचीही वेळ लिहायची. माणूस उठला की त्याची नोंद संपली, इतकं ते स्पष्ट होतं.

वेबसाइटवरची मोजणी वेगळ्या वाटेने गेली. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी छोटी खूण, आणली. ती ओळखते ब्राउझरला. 2005 मध्ये आलेल्या गूगल अ‍ॅनालिटिक्सनेही ब्राउझर हाच पाहुणा धरला. पुढे लॉगिन केलेल्या माणसाची ओळख जोडायची सोय झाली आणि गोंधळ तिथेच शिरला. लॉगआउट केल्यावर साइट माणसाला बाहेर काढते, पण मोजणीची कुकी जागची हलत नाही. मग सेवा केंद्रातल्या त्याच संगणकावर पुढचा माणूस बसतो आणि लॉगिनआधी त्याने पाहिलेली पानं आधीच्याच्या नावावर चढतात. ही चूक किरकोळ नाही. एकाने शोधलेल्या कर्जाची माहिती दुसऱ्याच्या खात्याला चिकटते.

उपाय बराच जुना आणि छोटा आहे. मिक्सपॅनेल, पोस्टहॉग या मोजणीच्या साधनांत ‘रीसेट’ ही आज्ञा आहे. ती जुनी ओळख पुसून नवी निनावी ओळख देते. गूगलच्या मोजणीत लॉगआउटला वापरकर्त्याची ओळख ‘नल’, म्हणजे रिकामी, करायची असते. क्रमही पाळावा लागतो. लॉगआउटची नोंद आधी पाठवायची, रीसेट नंतर, नाहीतर बाहेर पडल्याची नोंदच अनोळखी पाहुण्याच्या नावावर जाते. रीसेटने पाहुण्यांचा आकडा फुगतो, ही तक्रार खरी आहे. पण फुगलेला आकडा परवडला, दुसऱ्याच्या नावावरची नोंद नाही.

2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्यात वैयक्तिक माहिती अचूक ठेवण्याची जबाबदारी, तिच्या आधारे निर्णय होणार असतील तिथे, ती हाताळणाऱ्यावर ठेवली आहे. सातारा-सांगलीच्या पतसंस्था, बाजार समित्या, महाविद्यालयं यांच्यासाठी साइट बांधणाऱ्यांनी एक चाचणी आजच करावी: एका खात्यातून बाहेर पडा, त्याच संगणकावर पान उघडा आणि त्या भेटीची नोंद कोणाच्या नावावर पडली ते पाहा.