गरम पाण्याचा उभा प्रवास

बहुमजली हॉटेलच्या विसाव्या मजल्यावर नळ उघडताच गरम पाणी येते, तेव्हा त्यामागील यंत्रणेचा विचार क्वचितच कोणी करतो. मात्र ही यंत्रणा केवळ सोयीसाठी नसते. पाणी कोमट राहिले तर रोगजंतू फोफावतात आणि अति गरम झाले तर त्वचा भाजते. या दोन धोक्यांमधून वाट काढणे हे तिचे खरे काम होय.

मजल्यामजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या वाहिनीला 'रायझर' म्हणतात. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे तळाशी सुमारे 1 बार दाब वाढतो. म्हणूनच उंच इमारतीचे विभाग पाडून खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. उष्णतेने नळही लांबतो. तांब्याचा 30 मीटरचा नळ तापमान 40 अंशांनी वाढल्यास सुमारे 20 मिलिमीटर प्रसरण पावतो. त्याला वाव न ठेवल्यास सांधे निखळतात.

1976 साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियाची प्राणघातक साथ पसरली. तिला कारणीभूत असलेल्या जंतूचा छडा जानेवारी 1977 मध्ये लागला. त्याला पुढे 'लिजिओनेला' हे नाव मिळाले. त्या वेळी संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता. परंतु हाच जंतू इमारतींच्या गरम पाण्याच्या वाहिन्यांतही वाढतो, हे नंतर स्पष्ट झाले. साधारण 25 ते 45 अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते आणि शॉवरच्या सूक्ष्म तुषारांतून तो फुप्फुसांत शिरतो.

यावर उपाय म्हणून टाकीतील पाणी किमान 60 अंशांवर ठेवले जाते. पंपाद्वारे ते रायझरमधून सतत फिरवले जाते आणि परतताना ते 50 अंशांच्या खाली जाऊ नये, याची दक्षता घेतली जाते. फिरते पाणी साहजिकच जवळचा मार्ग धरते आणि दूरचा रायझर थंड पडतो. त्यामुळे प्रत्येक रायझरवर प्रवाह समतोल राखणारा व्हॉल्व्ह आवश्यक ठरतो.

तथापि, 60 अंशांच्या पाण्याने प्रौढ व्यक्तीची त्वचाही काही सेकंदांत गंभीररीत्या भाजते. बालके आणि वृद्धांना तर धोका अधिक. यासाठी नळाच्या अगदी जवळ तापमाननियंत्रक मिश्रण व्हॉल्व्ह बसवून त्यात थंड पाणी मिसळले जाते. थोडक्यात, पाणी शेवटच्या टप्प्यापर्यंत गरम राखायचे आणि वापराच्या जागीच सौम्य करायचे.

बंद खोल्यांच्या वाहिन्यांत साचलेले पाणी मात्र या साखळीतील कच्चा दुवा ठरते. न वापरलेले नळ नियमितपणे वाहते करणे, हा त्यावरील साधा. पण बहुधा दुर्लक्षिला जाणारा उपाय आहे.