पित्ताशयाचे खडे बोल!

२३,५३०! लॉटरीचा नंबर नाही हो. १९८७ साली इंग्लंडमधल्या वर्दिंग हॉस्पिटलात ८५ वर्षांच्या एका आजींच्या पित्ताशयातून इतके खडे निघाले आणि थेट गिनेस बुकात गेले. ते मोजत बसणाऱ्याला ओव्हरटाइम मिळाला असेल, अशी आशा करू या.

  

आणि हा सगळा तमाशा कुठे, तर जेमतेम ७ ते १० सेंटिमीटर लांबीच्या पिशवीत. एरवी तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. लिव्हर मात्र दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं. मग? पिशवी त्यातलं पाणी शोषते आणि माल आटवून ठेवते. तुमचा बटाटावडा लहान आतड्यात पोचला, की तिथून एक हॉर्मोन सुटतं, पिशवी आकसते आणि पित्त बाहेर. होम डिलिव्हरी!

माहीत आहे का, घोड्याला पित्ताशय नसतं? हत्तीला नाही, कबुतरालाही नाही. घरातल्या चिमुकल्या उंदराला असतं, पण त्याच्या थोरल्या भावाला, लॅबमधल्या रॅटला, नसतं. वाटणीत अन्याय झालाच की!

आता मेन पिक्चर. खडे म्हटलं की सगळे तुपाच्या बरणीकडे संशयाने बघतात. कोलेस्टेरॉलच्या पिवळसर खड्यांपुरतं त्यात थोडं तथ्य आहेही. पण लिव्हर सिरोसिसच्या पेशंटचा खडा बघा. बहुतेकदा तो असतो काळाकुट्ट, बारका, खडबडीत आणि चुरा होईल असा ठिसूळ. त्यात कोलेस्टेरॉल नावापुरतं. मग भरलंय काय? तुमचंच जुनं रक्त!

दचकलात? तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं रंगद्रव्य तयार होतं आणि लिव्हर ते पित्तात सोडतं. सिरोसिसमध्ये लिव्हर कडक होतं, मागे रक्ताचा दाब तुंबतो, प्लीहा फुगते. फुगलेली प्लीहा पेशी गरजेपेक्षा जास्त भराभर मोडत सुटते. इकडे बिलिरुबिन वाढलेलं, तिकडे थकलेल्या लिव्हरकडून पित्तक्षार कमी. त्यात पिशवीही आळशी, नीट रिकामी होत नाही. बिलिरुबिन आणि कॅल्शियमची जोडी जमते, खडा तयार! ढोबळमानाने सिरोसिसच्या चार पेशंटमागे एकाकडे हा ऐवज सापडतो, आणि आजार जितका जुना-जड, तितकी शक्यता जास्त.

विदर्भातल्या वाचकांनो, सिकलसेलमध्येही हीच काळी मंडळी भेटतात, अगदी शाळकरी मुलांच्या पोटातसुद्धा. पेशी अकाली मोडतात ना!

सोनोग्राफीलाही चकवा बसतो, माहीत आहे का? पित्ताशयाची भिंत एरवी ३ मिलिमीटरच्या आत. सिरोसिसमध्ये, विशेषतः पोटात पाणी झालं की, ती नुसतीच सुजते. रिपोर्टवर ‘वॉल थिकनिंग’ वाचून घरचे घाबरतात, आणि इन्फेक्शनचा पत्ता नसतो!

खडे विरघळवणाऱ्या औषधाशी अस्वलाचा काय संबंध? तर ‘उर्सो’ या औषधाचा रेणू पहिल्यांदा अस्वलाच्या पित्तात सापडला. नाव त्यावरूनच. कोलेस्टेरॉलचे छोटे खडे त्याने विरघळू शकतात. काळ्या खड्यांपुढे मात्र अस्वलाचे हात टेकले.

मग कापूनच टाकू? पहिलं पित्ताशय काढलं कार्ल लांगेनबुख यांनी, १८८२ साली, बर्लिनमध्ये. दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया भारतात आणली डॉ. टेहमटन उडवाडिया यांनी, १९९० मध्ये, आपल्या मुंबईच्या जेजे रुग्णालयात. टाळ्या! अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तर १९६५ मध्ये शर्ट वर करून पत्रकारांना ऑपरेशनचा व्रण दाखवला होता. हौसेला मोल नाही.

पण सिरोसिसमध्ये ही हौस महागात पडते. पित्ताशयाभोवतीच्या शिरा फुगलेल्या, त्यात रक्त गोठवणारे घटक कमी, म्हणजे रक्तस्रावाचा धोका मोठा. म्हणून न दुखणारा खडा डॉक्टर बहुधा तसाच राहू देतात. तो आळस नाही, शहाणपण आहे.

जाता जाता, ऑलिव्ह ऑइल-लिंबूवाला ‘लिव्हर फ्लश’! सकाळी पडणाऱ्या त्या हिरव्या गोळ्या म्हणजे खडे, असा दावा असतो. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशाच गोळ्यांची तपासणी छापून आली. कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही. ४० अंशांना गोळ्या वितळल्या! पोटातच बनलेला साबण तो. खडे जागच्या जागी, खिसा मात्र साफ.

तेव्हा लिव्हरचा जुना आजार असेल, तर खडे पाडणारी पावडर परस्पर घेऊ नका. कुठल्याही ऑपरेशनआधी सर्जनला तो आजार आवर्जून सांगा. आणि उजव्या बरगडीखाली कळ, थंडी-ताप आणि कावीळ हे त्रिकूट एकदम आलं, तर गुगल बंद करा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.