ऐरोलीचं डेटा सेंटर आणि लातूरचं वीजबिल

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर नांदेडच्या एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, ही डेटा सेंटरं तिकडे नवी मुंबईत. आपल्या बिलाशी त्यांचा काय संबंध?" तेव्हा वेळ नव्हता. आज तेवढाच विषय घेऊ.

आपल्या घरचं बिल काढून बघा. वर नाव आहे महावितरणचं. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी आहेत. पण तो भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला वीज पुरवते ती महावितरण. ऐरोली, महापे, रबाळे हेही तिच्याच क्षेत्रात. (ऐरोलीतल्या काही विशेष आर्थिक क्षेत्रांना स्वतःचा वितरण परवाना आहे, तो अपवाद.) आणि एका वर्गाच्या ग्राहकाला दर सगळीकडे सारखा. औशातल्या घराला जो दर, तोच वाशीतल्या घराला. थोडक्यात, वही एकच आहे. त्या वहीत ऐरोलीला काय लिहिलं जातं, याचा संबंध लातूरशी येतोच.

आता आकार पाहू. समजा, ५० मेगावॉटचं एक डेटा सेंटर अखंड पूर्ण भाराने चाललं. वर्षाची वीज होते सुमारे ४४ कोटी युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारी साडेतीन लाखांहून जास्त घरं तेवढ्यात चालतील. २०११ च्या जनगणनेत लातूर शहरात माणसंच पावणेचार लाखांच्या आसपास होती, घरं नव्हेत! एका इमारतीची ही भूक.

पण नुसती भूक मोठी म्हणून दर वाढत नाही, हे नीट लक्षात घ्या. विजेच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक, वापरलेल्या युनिटचा: कोळसा, वायू वगैरे. दुसरा, तयारीचा: वीजकेंद्र, उपकेंद्र, वाहिन्या, रोहित्रं. हा दुसरा खर्च वीज वापरा, न वापरा, चालूच राहतो. लग्नाचं उदाहरण घ्या. चार भावांनी मिळून जेवणाचा खर्च उचलायचं ठरवलं. एक भाऊ म्हणाला, "माझ्याकडची दोनशे माणसं येतील." आचाऱ्याने शिधा भरला, मांडव वाढवला, वाढपी सांगितले. आली पन्नास. पैसे कोणी द्यायचे? वाटणी चौघांत सारखी ठरली असेल, तर बाकीचे तिघे न आलेल्या पाहुण्यांचं जेवण भरतात. वीज नियमनातला अर्धा वाद हाच आहे.

आणि हा वाद महाराष्ट्राने एकदा भोगलाय. तेव्हा तो पुरवठ्याच्या बाजूने आला होता. डिसेंबर १९९३ मध्ये, किल्लारीच्या भूकंपानंतर दोनच महिन्यांनी, वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी खरेदी करार केला. वीज घ्या अथवा घेऊ नका, क्षमतेचं शुल्क द्यायचंच, अशी त्यातली अट. मागणीचे अंदाज फुगवलेले होते. पुण्याच्या 'प्रयास'मधल्या अभ्यासकांनी तेव्हाच आकडे मांडून हे सांगितलं होतं. शेवटी २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि माधव गोडबोले समितीने साऱ्या व्यवहाराची चिरफाड केली. त्या वेळी वीज विकणाऱ्याच्या अंदाजावर आपण मान डोलावली. आता वीज मागणाऱ्याच्या अंदाजावर डोलवायची का, हा प्रश्न आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचं भाषण म्हणजे एकतर्फी कीर्तन होईल. डेटा सेंटर चोवीस तास एकसारखी वीज घेतं. असा ग्राहक वितरण कंपनीला हवाच असतो, कारण तयारीचा खर्च जास्त युनिटांत विभागला जातो. शिवाय आपल्याकडे उद्योग सरासरी खर्चापेक्षा जास्त दर देतात आणि त्यातून शेतीचा व लहान घरगुती ग्राहकांचा भार हलका होतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. लातूरचे डाळमिलवाले ती वर्षानुवर्षं भरत आलेत, अन् तिच्याबद्दल बोलतातही भरपूर. डेटा सेंटरनेही ती भरली, तर आपलं बिल वाढण्याऐवजी थोडं हलकंच होईल.

खरी मेख आहे ती या 'तर'मध्ये. वीज कायदा २००३ नुसार मोठ्या ग्राहकाला बाहेरून वीज आणता येते. तसं केल्यास त्याला क्रॉस सबसिडीचा अधिभार भरावा लागतो. पण स्वतःच्या वीजप्रकल्पातून आणली, तर तो अधिभार माफ. आणि 'स्वतःचा' म्हणजे किती? २००५ च्या नियमांप्रमाणे २६ टक्के मालकी आणि निम्म्याहून जास्त, ५१ टक्के, विजेचा वापर. म्हणजे उद्या आपल्याच मराठवाड्यातल्या माळरानावर सौर पॅनेल उभे राहतील, वीज ऐरोलीला जाईल आणि अधिभार शून्य. दिवसा सूर्याची वीज. रात्री मात्र ग्रिड त्यांच्यासाठी सज्ज हवं. त्या सज्जतेचं पूर्ण मोल वसूल होतं का, तिथे बोट ठेवायचं.

राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना वीज शुल्काची सवलत आहे, तिचा यात घोळ करू नका. ते शुल्क सरकारी तिजोरीत जातं. त्याच्या माफीने आपला दर वाढत नाही; तिजोरी तेवढी हलकी होते.

बाहेर काय झालं? आयर्लंडमध्ये २०२३ साली मोजल्या गेलेल्या विजेपैकी २१ टक्के डेटा सेंटरनी घेतली. २०१५ मध्ये हा आकडा ५ टक्के होता. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या ग्रिडमध्ये, व्हर्जिनियाची डेटा सेंटरं ज्यात आहेत त्या, वीज क्षमतेच्या लिलावाचा भाव एका वर्षात मेगावॉटमागे दिवसाला सुमारे २९ डॉलरवरून २७० डॉलरवर गेला. जुनी केंद्रं बंद होणं, नियम बदलणं ही कारणंही होती. वाढती मागणी हे त्यातलं मोठं. मग ओहायोच्या नियामकांनी २०२५ मध्ये एक तोडगा मंजूर केला: मोठ्या नव्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली, तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापर कमी झाला तरी, बारा वर्षांपर्यंत. दोनशे पाने सांगितलीत ना, मग एकशे सत्तर पानांचे पैसे तुमचे.

असं आपल्याकडे करता येईल? कायदा आडवा येत नाही. कलम ६२ ग्राहकाग्राहकांत अवाजवी भेद करू देत नाही, पण भार, व्होल्टेज, वापराची वेळ, पुरवठ्याचा हेतू अशा आधारांवर वेगळा दर ठरवू देतं. अ‍ॅरिस्टॉटलने वाटपाच्या न्यायाबद्दल म्हटलं ते हेच: सारख्यांना सारखं, असमानांना त्यांच्या प्रमाणात. भांडण नेहमी प्रमाण कशाने मोजायचं यावर होतं. ते ठरवण्याची जागा म्हणजे राज्य विद्युत नियामक आयोग, १९९९ पासूनचा. कलम ६४ सांगतं, दरप्रस्तावाची जाहिरात द्या, लोकांच्या हरकती विचारात घ्या, १२० दिवसांत आदेश द्या. आपल्याला जवळची सुनावणी छत्रपती संभाजीनगरला; लातूर-नांदेडहून अडीचशे किलोमीटरच्या घरात. जाणारे मोजके. पण हरकत लेखीही देता येते.

एका ताईंची चिठ्ठी आलीय: "लातूरलाच डेटा सेंटर आलं तर?" ताई, तेव्हा विजेबरोबर पाण्याचंही विचारा. ही यंत्रं थंड ठेवावी लागतात, आणि काही पद्धतींत पाणी पुष्कळ लागतं. पाण्याअभावी २०१५ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं, आणि पुढच्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तेव्हा अर्जदाराला तीन गोष्टी लेखी मागायच्या: पाणी कुठलं, उपकेंद्राचा खर्च कोणाचा, आणि सांगितलेला भार आला नाही तर पैसे कोण भरणार. पुढची चिठ्ठी द्या.