निवासी व्यक्तीची करसूट आणि कुटुंबाचा हिशेब : प्राप्तिकर कायद्यातील कलम ८७-ए

प्रस्तावना

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले. हे वाक्य चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कायद्याने बारा लाखांचे उत्पन्न करमुक्त केलेले नाही. त्या उत्पन्नावर प्रथम कर आकारला जातो आणि नंतर ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या व्यक्तीस त्या करातून सूट दिली जाते. कोल्हापूर जिल्ह्यात एकाच घरात प्राध्यापकाचा पगार, उसाचे बिल, सदनिकेचे भाडे आणि परदेशस्थ मुलाचे उत्पन्न एकत्र नांदताना दिसते. अशा घरांच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही. प्रस्तुत लेखात या करसुटीचे स्वरूप, तिचा इतिहास आणि कुटुंबावर होणारा तिचा परिणाम स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

करमुक्ती, वजावट आणि करसूट

प्राप्तिकराच्या चर्चेत तीन संकल्पनांची वारंवार गल्लत होते. करमुक्त उत्पन्न एकूण उत्पन्नात मोजलेच जात नाही. शेतीचे उत्पन्न हे त्याचे ठळक उदाहरण होय. वजावट एकूण उत्पन्नातून कमी होते. नव्या करप्रणालीतील नोकरदारांची ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट या प्रकारची आहे. करसूट, म्हणजेच रिबेट, मात्र उत्पन्नातून नव्हे तर आकारलेल्या करातून वजा होते. म्हणून करसूट मिळाल्याने कर शून्य झाला, तरी उत्पन्न करपात्रच राहते. नव्या प्रणालीत एकूण उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर देय कर शून्य असूनही विवरणपत्र भरणे बंधनकारक असते. अनेकांची गफलत नेमकी येथेच होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

करआकारणीत कुटुंबाचा विचार करण्याचा प्रयत्न भारतात नवा नाही. महाराष्ट्राचे सुपुत्र आणि तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात विवाहितांसाठी २,००० रुपये आणि अविवाहितांसाठी १,००० रुपये अशी भिन्न करमुक्त मर्यादा सुचविली होती. पुढे हा भेद लोपला आणि व्यक्ती हाच आकारणीचा मुख्य घटक ठरला. २००० च्या वित्त अधिनियमाने कलम ८८-सी द्वारे ६५ वर्षांखालील निवासी महिलांना ५,००० रुपयांपर्यंत करसूट दिली. २००४ मध्ये कलम ८८-डी द्वारे १ लाखापर्यंत उत्पन्न असणाऱ्या निवासी व्यक्तींचा कर माफ झाला. २००५ मध्ये मूळ करमुक्त मर्यादाच १ लाखापर्यंत वाढविण्यात आली आणि या सुटी संपुष्टात आल्या.

कलम ८७-ए हे २०१३ च्या वित्त अधिनियमाने आले. तेव्हा ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २,००० रुपयांची सूट होती. २०१६ मध्ये ती ५,००० रुपये झाली. २०१७ मध्ये ती २,५०० रुपयांवर आली आणि उत्पन्नमर्यादा ३.५ लाख झाली. २०१९ मध्ये ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नास १२,५०० रुपयांची सूट मिळाली; जुन्या करप्रणालीत हेच प्रमाण पुढे कायम राहिले. नव्या प्रणालीत २०२३ मध्ये ७ लाखांपर्यंत २५,००० रुपये आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत ६०,००० रुपये अशी वाढ झाली. १ एप्रिल २०२६ हा अंमलदिनांक असलेल्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ मध्ये हीच तरतूद कलम १५६ म्हणून समाविष्ट आहे.

सुटीचे गणित

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० रुपये आणि ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० रुपये कर होतो. हे एकत्रित ६०,००० रुपये करसुटीने पूर्णतः फिटतात. प्रमाणित वजावटीमुळे नोकरदारास १२.७५ लाखांच्या पगारापर्यंत कर पडत नाही.

मर्यादा थोडी ओलांडल्यास काय होते, हा प्रश्न वेतनवाढ वा महागाई भत्त्याची थकबाकी मिळालेल्या प्राध्यापकांना विशेष भेडसावतो. समजा, वजावटीनंतरचे उत्पन्न १२,२०,००० रुपये आहे. टप्प्यांनुसार कर ६३,००० रुपये होतो. परंतु कायद्यातील सीमांत दिलाशामुळे तो १२ लाखांवरील अधिक उत्पन्नाइतकाच, म्हणजे २०,००० रुपये, आकारला जातो. त्यावर ४ टक्के उपकर धरता देय रक्कम २०,८०० रुपये होते. म्हणजेच वाढलेली संपूर्ण रक्कम आणि वर ८०० रुपये शासनाकडे जातात. सुमारे १२,७०,५८८ रुपयांपर्यंत हीच स्थिती राहते; त्यानंतर नेहमीचे दर लागू होतात.

‘निवासी’ या शब्दाचे महत्त्व

ही सूट केवळ निवासी व्यक्तीस मिळते. येथे निवास म्हणजे नागरिकत्व नव्हे. वर्षभरातील भारतातील वास्तव्याचे दिवस हा त्याचा निकष आहे. १८२ किंवा अधिक दिवसांचे वास्तव्य ही त्यातील प्रमुख कसोटी होय. कोल्हापूरच्या एखाद्या अभियंत्याने परदेशी नोकरी करीत असताना येथील मालमत्ता दरमहा ६०,००० रुपये भाड्याने दिली आहे, असे समजू. वार्षिक भाडे ७,२०,००० रुपये होते. भरलेला घरफाळा बाजूला ठेवून ३० टक्के वजावट घेतल्यास उत्पन्न ५,०४,००० रुपये उरते. त्यावर ५,२०० रुपये कर आणि २०८ रुपये उपकर मिळून ५,४०८ रुपये देय होतात. तेच भाडे कोल्हापुरात राहणाऱ्या, अन्य उत्पन्न नसलेल्या त्याच्या आईच्या मालकीच्या घराचे असते, तर देय कर शून्य झाला असता.

कुटुंब : कायद्यातील आणि घरातील

प्राप्तिकर कायदा हिंदू अविभक्त कुटुंबास स्वतंत्र करदाता मानतो. तथापि, कलम ८७-ए मध्ये ‘व्यक्ती’ अभिप्रेत असल्याने अशा कुटुंबास ही सूट मिळत नाही. १२ लाखांच्या उत्पन्नावर व्यक्तीला काहीच देय नसते, तर अविभक्त कुटुंबाला उपकरासह ६२,४०० रुपये भरावे लागतात.

प्रत्यक्ष घरातील विषमता याहून मोठी आहे. वजावटीनंतर प्रत्येकी १२ लाख उत्पन्न असणाऱ्या निवासी दांपत्याच्या घरात २४ लाख रुपये येऊनही कर शून्य असतो. याउलट, एकट्याच्या १६ लाखांवर चालणाऱ्या घरास उपकरासह १,२४,८०० रुपये भरावे लागतात. वृद्ध आईवडील व शिकणारी मुले सांभाळणाऱ्या एकल मातेचा भार या गणितात कोठेच दिसत नाही. पतीने पत्नीच्या नावे विनामोबदला ठेव ठेवल्यास तिचे व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते.

फ्रान्समध्ये १९४५ पासून कुटुंबातील सदस्यसंख्येनुसार उत्पन्नाची विभागणी करून कर ठरविला जातो. ब्रिटनने मात्र १९९० मध्ये पती-पत्नींची स्वतंत्र आकारणी स्वीकारली. संयुक्त आकारणीत नव्याने कमावू लागलेल्या पत्नीच्या पहिल्या रुपयावरच वरचा दर लागू शकतो. त्यामुळे कुटुंबाला न्याय देताना स्त्रीच्या स्वतंत्र अर्थार्जनास बाधा येण्याचा धोका संभवतो.

शेती आणि विशेष दरांचे उत्पन्न

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी इतर उत्पन्नाचा दर ठरविताना ५,००० रुपयांपेक्षा अधिक निव्वळ शेती उत्पन्न हिशेबात धरले जाते. एखाद्या प्राध्यापकाचे वजावटीनंतरचे उत्पन्न ११ लाख आणि स्वतःच्या उसाचे निव्वळ उत्पन्न ४ लाख आहे, असे मानू. १५ लाखांवरील कर १,०५,००० रुपये होतो. शेतीचे ४ लाख अधिक मूळ मर्यादेचे ४ लाख अशा ८ लाखांवरील २०,००० रुपये त्यातून वजा करता ८५,००० रुपये उरतात. ६०,००० रुपयांची सूट घेतल्यावर २५,००० रुपये आणि उपकर १,००० रुपये देय होतात. ‘उत्पन्न बारा लाखांच्या आत, म्हणून कर नाही’ हा समज येथे फसतो.

शेअर्सवरील भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाबाबत २०२४ मध्ये वाद उद्भवला होता. जुलै २०२४ मध्ये विवरणपत्राच्या संगणकीय प्रणालीत बदल झाला आणि अशा करावर सूट मागणे अशक्य झाले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सूट मागण्याची सोय करदात्यास उपलब्ध असली पाहिजे, अशी भूमिका घेतली. तथापि, २०२५ च्या वित्त अधिनियमाने आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत विशेष दराच्या कराला ही सूट नाही, हे स्पष्ट केले.

निष्कर्ष

कलम ८७-ए ने मध्यमवर्गीय निवासी व्यक्तीस मोठा दिलासा दिला, हे निर्विवाद आहे. परंतु ही सूट व्यक्तीला दिलेली आहे, कुटुंबाला नाही. आणि तिचा लाभ उत्पन्नाच्या आकड्याइतकाच उत्पन्नाच्या प्रकारावरही अवलंबून आहे. स्वतंत्र आकारणी कायम ठेवूनही अवलंबितांचा भार वाहणाऱ्या एकल कमावत्या व्यक्तीसाठी वेगळी करसूट देता येईल; यापूर्वी महिलांना दिलेली सूट हा त्याचा पूर्वदाखला आहे. धोरणात असा बदल होईपर्यंत प्रत्येक करदात्याने केवळ एकूण आकड्यावर विसंबून न राहता आपला निवास, उत्पन्नाचे प्रकार आणि उत्पन्न नेमके कोणाच्या नावे आहे, या तीन बाबी विवरणपत्रापूर्वी तपासणे हिताचे ठरेल.